टप्पा पडतो ती माती

१५ जानेवारी २०१७ रोजी पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडनं ५० षटकांत ७ बाद ३५० धावा केल्या. उत्तरादाखल भारताचे चार फलंदाज ६३ धावांत तंबूत परतले. मग विराट कोहली आणि पुण्याचा केदार जाधव यांनी पाचव्या गड्यासाठी २०० धावा जोडल्या. कोहलीनं १२२ काढल्या, केदारनं ७६ चेंडूंत १२०. भारतानं ११ चेंडू राखून सामना जिंकला. चेंडू टप्पा पडल्यावर सरळ, एकाच उंचीनं बॅटवर येत होता आणि फलंदाज डोळे झाकून विश्वास टाकावा तसा त्याच्यावर विश्वास टाकत होते.

त्यानंतर ३९ दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी सुरू झाली. पुण्यातली ही पहिलीच कसोटी. भारताचा पहिला डाव १०५ धावांत आटोपला, दुसरा १०७ धावांत. दोन्ही डाव मिळून ७५ षटकंही टिकले नाहीत. डावखुरा फिरकीपटू स्टीव्ह ओ'कीफनं दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले, म्हणजे सामन्यात ७० धावांत १२. ऑस्ट्रेलियानं ३३३ धावांनी विजय मिळवला आणि सलग १९ कसोटींत अपराजित राहिलेला भारत तिसऱ्याच दिवशी हरला. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीवर ‘खराब’ असा शेरा मारला.

मैदान तेच, कोहलीही तोच. चेंडूचा रंग बदलला होता हे खरं, पण पांढऱ्या आणि लाल चेंडूतल्या फरकानं साडेतीनशेचे शंभर होत नाहीत. फरक होता तो २२ यार्डांच्या पट्टीत.

गहुंजे मावळात येतं. पण मैदानापासून काही किलोमीटरांवर मुळशी तालुका सुरू होतो: नेरे, मारुंजी, हिंजवडी, माण. टप्पा पडलेल्या चेंडूचं काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर मुळशीच्या रस्त्यानं जायला हवं. हिंजवडीकडून पौडला आणि पौडहून ताम्हिणी घाटाकडे निघालं की रस्त्याच्या कडेची माती रंग बदलत जाते. पूर्वेला नदीकाठी काळी, भेगाळणारी जमीन. पश्चिमेला डोंगर चढत जावं तशी तांबूस होत गेलेली, पायाखाली भुसभुशीत लागणारी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. खालचा दगड मात्र सगळीकडे सारखाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हानं घडवलेला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट.

कमी पावसाच्या सपाटीवर हा पाषाण झिजतो, तेव्हा त्यातले क्षार जागच्या जागी राहतात आणि स्मेक्टाइट गटातली चिकणमाती तयार होते. तिचे कण पापुद्र्यांसारखे एकावर एक बसलेले असतात. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घाटमाथ्यावर मात्र मुसळधार पाऊस सिलिका आणि क्षार धुऊन नेतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाच्या गंजानं माती तांबडी होते आणि तिच्यात केओलिनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाण्यानं फारशी फुगत नाही आणि वाळल्यावर फारशी आकसतही नाही.

भारतातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सामन्याआधी ‘खेळपट्टी काळ्या मातीची की लाल मातीची’ अशी जी चर्चा रंगते, तिच्या मुळाशी हेच रसायन आहे. काळी माती ओल धरून ठेवते. रोलर फिरवल्यावर ती घट्ट बसते आणि लवकर सुटत नाही. तिच्यावर चेंडू बहुधा कमी उसळतो आणि थोडा थांबून येतो. सामना पुढे सरकतो तसा आणखी खाली राहू लागतो. लाल माती लवकर वाळते आणि टणक होते. तिच्यावर उसळी जास्त मिळते, वेगही मिळतो. पण वरचा थर सुटायला लागला की भुकटी उडते आणि फिरकी चेंडू वळतो, उसळतो, शिवाय झपकन येतो. अर्थात हा अंदाज झाला, नियम नव्हे. एकाच मातीवर किती पाणी दिलं, गवत किती ठेवलं आणि रोलर कधी थांबवला, यावरून तिचा स्वभाव पालटतो.

चेंडू जमिनीला टेकतो तो अगदी निमिषभर. तेवढ्यात दोनच गोष्टी ठरायच्या असतात: तो किती उंच उठणार आणि जमिनीवर घसरणार की जमीन पकडणार. खालची जमीन टणक असेल तर चेंडूची ताकद त्याला परत मिळते आणि तो उसळतो. मऊ असेल तर जमीनच ती ताकद पिऊन टाकते. पृष्ठभाग गुळगुळीत, चकाकता असेल तर चेंडू घसरून पुढे निघतो. त्याचा वेग टिकतो, पण मनगटानं दिलेली फिरकी वाया जाते. पृष्ठभाग खरखरीत असेल तर शिवण मातीत रुतते आणि चेंडूची गिरकी आडव्या वळणात उतरते. सकाळच्या किंचित ओल्या, गवताळ खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजाच्या चेंडूची शिवण बारीक खळगे पाडते. दुपारी ऊन लागून हेच खळगे कडक होतात. मग एका खळग्यावरून चेंडू घोट्यापाशी जातो, तर दुसऱ्यावरून छातीशी. ताशी १४० किलोमीटर वेगाच्या चेंडूसमोर फलंदाजाला हे सगळं ओळखायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

चेंडू घसरणार की पकडणार, या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या एका खेळानं अगदी निराळ्या वाटेनं शोधलं आहे. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये दहा खुंट्या पाडायचा बोलिंगचा खेळ अनेकांनी खेळून पाहिला असेल. त्याच्या लेनची लांबी फाउल लाइनपासून पहिल्या खुंटीपर्यंत ६० फूट, क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा फक्त सहा फुटांनी कमी. रुंदी साडेएकेचाळीस इंच, म्हणजे ३९ अरुंद पट्ट्यांची. चेंडू जास्तीत जास्त १६ पौंडांचा, सव्वासात किलोच्या आसपास. लेन लखलखीत दिसते, पण तिच्या पहिल्या ४० फुटांच्या आसपास तेलाचा अदृश्य थर दिलेला असतो आणि शेवटचे वीसेक फूट कोरडे ठेवलेले असतात. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्यावर पकडतो आणि वळतो. तेलाचा पट्टा आखूड असेल तर चेंडू लवकर वळतो, लांब असेल तर उशिरा. खेळ चालू असताना तेल कमी होतं, चेंडूबरोबर पुढे वाहून जातं आणि पहिल्या डावात बिनचूक बसलेली रेघ तिसऱ्या डावात चुकते. चेंडूनं तेलातही लेन पकडावी म्हणून खेळाडू त्याचं कवच घासून खरखरीत करतात. जास्त घसरावा असं वाटलं तर त्याला पॉलिश करतात. एका बाजूला चमक राखत आणि दुसरी खडबडीत होऊ देत चेंडूची देखभाल करणाऱ्या क्रिकेटपटूंना हे वेगळं सांगायला नको.

हौशी खेळाडूंसाठी लेनच्या मध्यभागी तेल भरपूर आणि कडेला अगदी थोडं, दहास एक अशा प्रमाणापर्यंतही ठेवतात. त्यामुळे चुकलेला चेंडूही मार्गावर येतो. अव्वल स्पर्धांत हे प्रमाण तिनास एकच्या घरात आणतात आणि मग चुकीला क्षमा नसते. तेलाची लांबी, मिलिलिटरमधलं प्रमाण आणि कोणत्या पट्टीवर किती तेल, या सगळ्याचा छापील तक्ता असतो. मोठ्या स्पर्धांत तो खेळाडूंना आधी पाहायला मिळतो. लेन कुणासाठी कशी तयार केली, हे तिथं झाकून ठेवायचं कारण उरत नाही.

क्रिकेटच्या मातीचा असा तक्ता नाही. तिथं चालतो तो अनुभव. मैदानाची निगा राखणारा माणूस खेळपट्टीत किल्ली खुपसून ओल किती खोल आहे ते पाहतो, बोटाच्या सांध्यानं ठोकून आवाज ऐकतो. हरळीची मुळं मातीला धरून आहेत की सुटली, हे त्याला पाहताक्षणी कळतं. पुण्याच्या क्रिकेटमधलं सर्वांत मोठं नाव अशाच एका माणसाचं आहे.

पळवणकर बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूना क्लबच्या मैदानावर नोकरीला होते. रोलर फिरवायचा, रेघा आखायच्या, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. पगार महिना ४ रुपये. चर्मकार समाजातल्या या तरुणाला तिथं फलंदाजी करायला मिळाली नाही. कॅप्टन ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडत गेली. जी खेळपट्टी सकाळी स्वतः दाबून गुळगुळीत केली, तिच्यावर थोड्याच वेळात चेंडू वळवायचा असे. जमिनीचं इतकं जवळचं शिक्षण कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात मिळत नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघानं त्यांना घेतलं. मैदानात सगळे त्यांच्याच हातचा चेंडू झेलत, चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा दिला जाई. सातारच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्याची हकिकत क्रिकेटच्या इतिहासात नोंदलेली आहे. बाळूंची फिरकी बोथट करण्यासाठी तिथल्या खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवण्यात आला होता. बाळूंनी तरीही सात बळी घेतले. यजमानानं पाहुण्याच्या गोलंदाजीला तोंड देण्यासाठी खेळपट्टी बनवून घेतली आणि डाव फसला, अशी ही महाराष्ट्रातली बहुधा सर्वांत जुनी गोष्ट. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हाही बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम आघाडीवर होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, सर्वस्वी परक्या जमिनीवर, बाळूंनी ११४ बळी मिळवले. एवढं असूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आलं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

मातीशी झुंजायचं शिक्षण मुंबईनं वेगळ्या प्रकारे दिलं. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळवली जाते. मैदानं चिखलानं भरलेली, खेळपट्ट्या उघड्या. चेंडू कधी मातीत रुतून थांबतो, कधी ओल्या गवतावरून सरसर निघतो, कधी अचानक तोंडाशी उठतो. इथं तीस धावा काढणाऱ्याला जाणकार शतकवीर मानतात. बॅट सैल हातानं धरणं, चेंडू शेवटपर्यंत पाहणं, उशिरा खेळणं, हे सगळं मुंबईच्या पिढ्या या चिखलात शिकल्या.

त्याच शहरातल्या वानखेडेच्या लाल मातीनं चेंडूचे जेवढे चमत्कार दाखवले, तेवढे देशात क्वचितच कुठे दिसले असतील. २००४ च्या नोव्हेंबरात तिथं मायकेल क्लार्क या हंगामी गोलंदाजानं ९ धावांत ६ बळी घेतले. ऑस्ट्रेलियाला जिंकायला फक्त १०७ हवे होते, तो संघ ९३ धावांत आटोपला. २०१२ मध्ये इंग्लंडच्या माँटी पानेसरनं ११ बळी घेऊन भारताला हरवलं. पानेसर इतर फिरकीपटूंपेक्षा वेगानं टाकायचा आणि वानखेडेची उसळी त्या वेगाला हवी होती. २०१६ च्या ऑक्टोबरात मात्र त्याच मैदानावर महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध नाबाद ५९४ धावांची भागीदारी केली आणि उत्तरादाखल ऋषभ पंतनं ३०८ ठोकल्या. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलनं न्यूझीलंडकडून खेळताना एका डावात भारताचे दहाच्या दहा गडी ११९ धावांत बाद केले. तो सामना भारतानं ३७२ धावांनी जिंकला, ही त्यातली आणखी एक गंमत. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यावेळी वानखेडेच्या खेळपट्टीची जबाबदारी माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्यावर होती. धोनीचा तो षटकार सगळ्यांना आठवतो. चेंडू शेवटपर्यंत बॅटवर येत राहिला तो नाईकांच्या आणि त्यांच्या माणसांच्या राबण्यामुळे.

विदर्भाची कथा काळ्या मातीची. पण २००४ मध्ये नागपूरला कसोटीसाठी उतरलेल्या संघांना खेळपट्टी दिसली ती हिरवी. गवताखालची माती काळी होती, तरी टप्पा पडत होता तो गवतावर. जेसन गिलेस्पीनं सामन्यात ९ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियानं ३४२ धावांनी जिंकून ३५ वर्षांनी भारतात मालिका खिशात घातली. २०१५ मध्ये नागपूरच्याच जामठा मैदानावर दक्षिण आफ्रिका ७९ धावांत गारद झाली, अश्विननं सामन्यात १२ बळी घेतले आणि भारत जिंकला. या खेळपट्टीवरही ‘खराब’ शेरा बसला. म्हणजे अवघ्या पंधरा महिन्यांत महाराष्ट्रातल्या दोन कसोटी खेळपट्ट्या त्या यादीत गेल्या.

गहुंजेला २०१७ मध्ये नेमकं काय बिघडलं? पट्टी पहिल्या दिवसापासूनच कोरडी आणि सुटलेली होती. इतक्या कोरड्या खेळपट्टीवर फिरकीचा उस्ताद आणि बेताचा फिरकीपटू यांच्यातलं अंतरच मिटतं. अश्विन आणि जडेजाचे चेंडू इतके वळत होते की ते बॅटची कड चुकवून जात. ओ'कीफचे काही वळत, काही सरळ घुसत. कोणता वळेल हे खुद्द जमीनच ठरवत असल्यानं फलंदाजाला वाचायला काही उरतच नव्हतं. भारताचे शेवटचे सात गडी ११ धावांत गेले ते असे. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक बळी घेतले ते नागपूरकडच्या उमेश यादवनं, ३२ धावांत ४, वेगवान गोलंदाजी करून. स्टीव्ह स्मिथनं दुसऱ्या डावात १०९ काढल्या. त्याला जीवदानं मिळाली, तरी त्या धुळीत शतक काढणं ही मोठीच फलंदाजी होती.

अडीच वर्षांनंतर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, गहुंजेनं दुसरं रूप दाखवलं. कोहली नाबाद २५४, मयंक अगरवाल १०८, भारत ५ बाद ६०१. उमेशनं दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले आणि दक्षिण आफ्रिका एक डाव १३७ धावांनी हरली. खेळपट्टीनं आधी फलंदाजाला साथ दिली, वेगवान गोलंदाजाला उसळी दिली, मग फिरकीला वळण दिलं. केदार जाधवनं २०१२ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा काढल्या त्या याच मैदानावर. गहुंजेला चांगली खेळपट्टी बनवता येते, याला आणखी पुरावा नको.

आणि तरीही २०२४ च्या ऑक्टोबरात जुन्याच वाटेनं जायचं ठरलं. बंगळुरूच्या ओलसर खेळपट्टीवर न्यूझीलंडविरुद्ध भारत ४६ धावांत कोसळला होता. त्यानंतर पुण्यात काळ्या मातीची, कोरडी, मंद खेळपट्टी मिळाली. पहिल्याच डावात न्यूझीलंडचे दहाही गडी फिरकीनं टिपले, वॉशिंग्टन सुंदरनं ५९ धावांत ७ आणि अश्विननं ३. बेत फळाला आल्यासारखं वाटलं. मग न्यूझीलंडचा फिरकीपटू मिचेल सँटनर आला. त्यानं चेंडूचा वेग कमी-जास्त केला आणि खेळपट्टी मंद आहे हे ओळखून चेंडूला हवेत वेळ दिला. कोहलीचा त्रिफळा उडाला तो चक्क फुलटॉसवर. चेंडू जमिनीला टेकलाच नव्हता. खेळपट्टीची धास्ती फलंदाजाच्या डोक्यात किती खोल बसते, हे त्या एका चेंडूत दिसलं. सँटनरनं सामन्यात १५७ धावांत १३ बळी घेतले. भारत ११३ धावांनी हरला आणि मायदेशी सलग १८ मालिका जिंकण्याची साखळी तुटली. पुढच्याच आठवड्यात वानखेडेच्या लाल मातीवर १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ वर थांबला. एजाज पटेलला सामन्यात ११ बळी मिळाले. मालिका ०-३.

घरच्या संघाला सोयीची माती हवी असणं यात गैर काही नाही. इंग्लंड गवत ठेवतं, ऑस्ट्रेलिया उसळी ठेवतं. पण आपल्याकडे दर्जेदार फिरकीपटू असताना खेळपट्टी टोकाची कोरडी करणं म्हणजे स्वतःच्या हातातलं कौशल्य मातीमोल करणं आहे. बाळूंनी सातारला रोलरखाली दबलेल्या पट्टीवर बळी घेतले. चांगल्या फिरकीपटूला भुकटी लागत नाही, उसळी आणि वेळ लागतो.

मातीची कदर या भागाला नवी नाही. मुळशीतल्या मुठा गावचे मामासाहेब मोहोळ महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक. त्यांच्या तालुक्यातल्या तालमींत आजही तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून आखाडा मळला जातो. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. पृष्ठभाग बदलला की डाव बदलतो, हे कुस्तीनं उघडपणे मान्य करून त्याची व्यवस्था केली आहे. भाताची कापणी झाली की मुळशीच्या खाचरांत आणि माळांवर टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. गावची पोरं आदल्या दिवशी पट्टीवर पाणी मारतात, मुरूम दाबतात. तीच पोरं हिंजवडीच्या कृत्रिम हिरवळीवर रात्री दिव्यांखाली खेळायला गेली की दोन-तीन चेंडूंत आपला टप्पा बदलतात. आयटी कंपनीतल्या संघांना त्यांचा चेंडू झेपत नाही तो याचमुळे.

कसोटी क्रिकेटनंही कुस्तीइतका आणि बोलिंगइतका खुलेपणा आणायला हरकत नाही. सामन्याआधी दोन दिवस प्रत्येक खेळपट्टीची नोंद जाहीर व्हावी: माती कुठली, चिकणमातीचं प्रमाण किती, कोणत्या खोलीवर ओल किती, गवताची उंची किती, शेवटचं पाणी कधी दिलं, जड रोलर किती वेळ फिरला. हे सगळं मोजता येतं आणि मोजायची उपकरणं महाग नाहीत. दोन्ही संघांना आणि प्रेक्षकांना ती नोंद सारखीच मिळावी. खाली पट्टी तयार करणाऱ्या प्रमुखाचं आणि त्याच्या हाताखालच्या ग्राउंड्समनचं नाव असावं, धावफलकावर पंचांचं असतं तसं. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या ताब्यात एकाच दगडातून निघालेल्या दोन्ही मातींचा मुलूख आहे. सुरुवात गहुंजेपासून करता येईल, आणि रणजीच्या पुढच्या हंगामातल्या पहिल्या सामन्यापासूनच.